आबांना वारीत पुरेल असा फोन हवाय, बजेट १४ हजार

कुर्डुवाडीकर | ११ मे २०२५

नमस्कार मंडळी. "कोणता फोन घेऊ" छापाचे धागे इथं पैशाला पासरी आहेत हे मान्य. तरी अजून एक काढतोय, कारण माझा प्रश्न जरा तिरपा आहे.

आबा (वय ६९) दरसालप्रमाणे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालत निघणार. १९ जूनला प्रस्थान, ६ जुलैला आषाढी. गेल्या वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामानंतर त्यांचा फोन जो बंद पडला, तो फलटणला लागला. मधले तीन दिवस आई देवापुढून उठली नाही आणि मी भोसरीत बसून दिंडीतल्या कुणाकुणाचे नंबर शोधत होतो. आबांचं म्हणणं, "माउली बरोबर असताना फोन कशाला लागतोय?" आईचं म्हणणं इथं लिहिण्यासारखं नाही.

सध्याचा फोन चार वर्षांचा. बॅटरी ५००० एमएएचची (बॅटरीची क्षमता एमएएचमध्ये मोजतात), पण ती खोक्यावर. पहाटे शंभर टक्के करून निघाले की दुपारच्या विसाव्याला तीस.

वापर: फोन करणं-घेणं, व्हॉट्सॲप, संध्याकाळी नातीला व्हिडिओ कॉल, रात्री यूट्यूबवर अभंग, रिंगणाचे फोटो. गेम नाही, रील नाही. फोन बंडीच्या खिशात राहणार, वरून पाऊस.

चार नावं काढलीत: सॅमसंग एम१५ (६०००), मोटो जी६४ (६०००), विवो टी४एक्स (६५००) आणि आयक्यू झेड१०एक्स (६५००). ७३००ची बॅटरीवालेही आलेत, पण ते वीस हजारांच्या पुढं. आकडे बघून बघून डोकं गरगरायला लागलंय. जास्त एमएएच तो घ्यावा आणि मोकळं व्हावं, इतकं सोपं आहे का हे?

---

चहाटपरी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दहाव्या प्रतिसादापर्यंत कुणीतरी आयफोन सुचवणार, लिहून घ्या.

---

जुनंतेसोनं

साधा बटणांचा फोन घेऊन द्या हो. माझ्याकडे नोकिया ११०० होता. त्यातली बॅटरी ८५० एमएएचची, आणि रविवारी चार्ज केला की गुरुवारपर्यंत बघायला नको. आता सहा-सात हजार एमएएच लागतात आणि तरी रात्री दोऱ्याला लटकलेलेच. बॅटरी वाढली नाही, भूक वाढली.

---

कुर्डुवाडीकर

जुनंतेसोनं, तुमचं खरंय, पण नातीचं तोंड बटणाच्या फोनवर दिसत नाही. आणि आबांचं सिम जिओचं. तिथं टूजी नाहीच, त्यामुळं जुना डबा शोधूनही उपयोग नाही, फोरजीवाला बटणफोनच लागेल. तो दुसरा म्हणून ठेवता येईल, एकटा नाही.

---

रिपेरिंगवाला_इचलकरंजी

भावा, एमएएच बघून फोन घेणं म्हणजे टाकी बघून गाडी घेणं. ॲव्हरेज कोण बघणार?

बारा वर्षं दुकान हाय माझं. गिऱ्हाईक येतंय, "बॅटरी बदला, टिकत न्हाई." मी आधी सेटिंगमधी जाऊन कोण किती खातंय ते बघतो. दहातल्या चार जणांची बॅटरी ठणठणीत असतीया. स्क्रीन फुल्ल उजेडावर, नाहीतर एखादं लोनचं ॲप दिवसभर मागं पळत असतंय, नाहीतर चाळीस ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आपोआप उतरत असतात. ते बंद करतो, चहा पाजतो, पाठवून देतो. धंद्याला मार बसतोय, पण माणूस परत येतंय.

राहिलेल्यांची खरंच गेलेली असतीया. आबांचा फोन चार वर्षाचा म्हणजे त्यातली गेलीच म्हणून समज. रोज एक चार्जिंग धरलं तरी हजाराच्या वर सायकल (पुरं भरणं-उतरणं) झाल्या. पाठीमागचं झाकण कडेनं उचललंय का बघ. टेबलावर उताणा ठेवून फिरवला आणि भोवऱ्यासारखा फिरला तर बॅटरी फुगल्याली हाय. मग तो फोन उशापाशी ठेवू नको, आधी काढून टाक.

नुसती बॅटरी बदलून वारी काढायची असंल तर आमच्याकडं हजार-बाराशेत हुतंय. फक्त माल बघून घे. मागल्या महिन्यात एकानं ऑनलाइन मागवल्याली आणली, वर छापलंय ५०००. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली, ४८ ग्रॅम. कंपनीची जुनी काढल्याली ठेवली, ६९. वीस ग्रॅम माल गेला कुठं? बॅटरीत वजन म्हणजेच वीज, दुसरं काय नसतंय त्यात. खऱ्या मालावर बीआयएसचा (सरकारच्या मानक संस्थेचा) शिक्का, आयएस १६०४६ आणि आर-नं सुरू होणारा नंबर असतोय. तो नंबर बीआयएस केअर ॲपमधी टाकून बघता येतोय. न्हाई निघाला तर परत दे.

---

हडपसर_ते_हिंजवडी

मी डिलिव्हरी करतो. रोज दहा-अकरा तास फोन हँडलला लावलेला, मॅप चालू, वरून ऊन. त्यामुळे बॅटरीवर माझा पीएचडी झालाय असं बायको म्हणते.

१. उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून उजेड शंभर टक्के जातो आणि तिथंच अर्धी बॅटरी जाते. आबांना हा त्रास कमी, फोन खिशात आहे.
२. उन्हात तापलेला फोन चार्जिंगला लावला की चार्जिंगच मुंगीच्या पावलानं होतं, फोन स्वतःच कमी करतो. कव्हर काढून सावलीत लावायचा.
३. फाइव्हजी बंद, फोरजी चालू. याने मला रोज दीड-दोन तास जास्त मिळतात. वारीत तर नक्की करा. एका टॉवरवर एवढी माणसं म्हटल्यावर फोन नुसता झोंबाझोंबी करत राहणार.

मी मोठ्या बॅटरीपेक्षा झटपट चार्जिंगवाला फोन वापरतो. हॉटेलात ऑर्डर तयार व्हायला वीस मिनिटं, तेवढ्यात तिथल्या बोर्डवर जे मिळेल ते. आबांचंही तसंच असणार ना? राहुटीत रात्रभर प्लग कुठे मिळतो?

---

कुर्डुवाडीकर

हडपसर भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. आबांना विचारलं. दिंडीच्या ट्रकमध्ये एक बोर्ड आहे, सहा पिना, माणसं दीडशे. मुक्कामाच्या गावात शाळेत नाहीतर मंदिरात पोरं टेबल मांडून फुकट चार्जिंग करून देतात, पण तिथं रांग आणि एकाला फार तर तासभर. आबांच्या शब्दांत, "लावायचा, हरिपाठ म्हणायचा, काढायचा." आबांचा हरिपाठ पाऊण तासाचा.

---

डोंगरातली_ताई

अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमची सगळी माहिती फोनवरूनच भरायची, पोषण ट्रॅकर. आमच्या पाड्यावर नेटवर्क दोनच ठिकाणी येतं, एक शाळेच्या मागचा कट्टा, दुसरं माझ्या जावेच्या घराचा माळा.

दोन वर्षं मी समजत होते माझी बॅटरी खराब. दुपारी बारालाच वीस टक्के आणि पर्समध्ये हात घातला की फोन गरम. मग तालुक्याच्या बैठकीला गेले तेव्हा लक्षात आलं की तिथं तोच फोन रात्री आठपर्यंत चालतो. वापर तर तिथं जास्त होता! म्हणजे खाणारं नेटवर्क होतं. टॉवर लांब असला की फोन जोर लावून ओरडतो, आणि टॉवर नसला की शोधतच राहतो.

माझ्यात दोन सिम होती. त्यातल्या एकाला आमच्या डोंगरात रेंजच नाही, तरी ते बिचारं दिवसभर शोधायचं. ते सेटिंगमधून बंद ठेवलं, तालुक्याला गेले की चालू. तेवढ्यानं फोन संध्याकाळपर्यंत यायला लागला. एक रुपया खर्च नाही.

आबांच्या फोनमध्ये दुसरं सिम असेल तर काढूनच ठेवा. आणि दिवे घाटासारख्या ठिकाणी विमानाचं चिन्ह दाबून ठेवायला शिकवा. फक्त परत दाबायलाही शिकवा!

---

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत बॅटऱ्यांशी संबंधित कामात आहे, म्हणून थोडं गणित. कंटाळा आला तर पुढे सरका.

एमएएच म्हणजे निव्वळ विजेची मात्रा, ऊर्जा नव्हे. ऊर्जा काढायची तर व्होल्टेजने गुणायचं. फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची. म्हणजे ५००० एमएएच = सुमारे १९ वॉट-तास, ६५०० = २५ वॉट-तास.

आता चार्जर. १० वॉटचा साधा चार्जर हे २५ वॉट-तास भरायला कागदावर अडीच तास घेईल. प्रत्यक्षात तीनाच्या वर, कारण थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि शेवटचे वीस टक्के बॅटरी मुद्दाम हळू भरते. आबांच्या पाऊण तासाच्या हरिपाठात १० वॉटवर जेमतेम ६-७ वॉट-तास जातील, म्हणजे पाव बॅटरी. तेच ४४ वॉटच्या चार्जरवर (तो सतत ४४ देत नाही, सरासरी निम्म्याच्या आसपास धरा) अर्ध्याहून जास्त. कुर्डुवाडीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. ६००० की ६५०० हा फरक आठ टक्क्यांचा. १० वॉट की ४४ वॉट हा फरक आबा दुसऱ्या दिवशी फोनवर सापडतील की नाही याचा.

पण मेख अशी की हे वेगवान चार्जिंग बहुतेक कंपन्यांचं आपापलं असतं. स्वतःचा चार्जर आणि स्वतःची केबल असेल तरच तो वेग मिळतो. शाळेतल्या टेबलावरची केबल लावली की पुन्हा बैलगाडी. त्यामुळे आबांनी आपला चार्जर पिशवीत ठेवायलाच हवा. सॅमसंग एम१५ २५ वॉट घेतो, पण खोक्यात चार्जर येत नाही, तो खर्च वेगळा धरा.

पॉवरबँकचंही तसंच. १०,००० लिहिलेली पॉवरबँक ३.७ व्होल्टने मोजतात, म्हणजे ३७ वॉट-तास. रूपांतरात गळती होऊन हाती तीसच्या आसपास येतात. ६५००चा फोन एकदा भरेल, वर थोडं उरेल. "दोन वेळा भरते" वगैरे विसरा.

अवांतर: इथे २० जूनपासून फोनच्या खोक्यावर फ्रिजसारखं ऊर्जेचं लेबल येतंय. एका चार्जिंगवर किती तास, किती सायकल झाल्यावर ८० टक्के क्षमता उरेल, सगळं छापावं लागणार. ८०० सायकलनंतर ८० टक्के उरलीच पाहिजे असा नियमही त्याच दिवसापासून. आपल्याकडे असं लेबल असतं तर निम्मा धागा वाचला असता.

---

चहाटपरी

दहा प्रतिसाद होत आले, अजून आयफोन नाही. इथली माणसं सुधारली की काय.

---

मधलीसुट्टी

रात्रभर चार्जिंगला लावू नका, ८० टक्क्यांवर काढा, २०च्या खाली जाऊ देऊ नका. बॅटरी जास्त टिकते.

---

रिपेरिंगवाला_इचलकरंजी

ताई/दादा जे असाल ते, घरात बसल्या माणसाला ठीक हाय. वारीत रांगेत एक तास मिळाला आणि ऐंशीला काढून घेतला तर मागचा माणूस खूश, आबा उपाशी. वारी अठरा दिवसांची. शंभर करा. बॅटरी शंभरनं मरत न्हाई तेवढी गरमीनं मरतीया. उशीखाली घालून चार्जिंग करतात ना, ते आधी बंद करा.

---

मधलीसुट्टी

दादा. आणि मुद्दा मान्य, अठरा दिवसांसाठी शंभर.

---

श्टुटगार्टकर

दोघेही बरोबर. मोठ्या बॅटरीचा एक फायदा मात्र कुणी बोललं नाही. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. पन्नास-पन्नास दोनदा भरलं तरी एकच. ज्याला दिवसाला १५ वॉट-तास लागतात त्याची १९ची बॅटरी रोज पाऊण सायकल खाते, २५ची थोडी कमी. दोन-तीन वर्षांत तो फरक दिसतो. फोन वारीनंतरही वापरायचा आहे ना.

---

कुर्डुवाडीकर | १८ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आजचा रविवार याच कामात गेला.

दुकानात आबांनाच घेऊन गेलो. पोरगा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत होता, आबांनी चारही फोन एकेक करून बंडीच्या खिशात टाकले, वाकून जोड्याला हात लावला आणि कुठला बाहेर पडतो ते बघितलं. एम१५ची स्क्रीन खरंच देखणी, उन्हातही छान दिसते, आणि त्याला अँड्रॉइडचे चार मोठे अपडेट मिळणार आहेत. मी स्वतःसाठी घेत असतो तर तोच घेतला असता. मोटो हलका. पण हरिपाठाचं गणित डोक्यात बसलं होतं, शेवटी टी४एक्स घेतला. ६ जीबी-१२८ जीबी, १३,९९९. ४४ वॉटचा चार्जर खोक्यातच. आबांना तो वजनाला जरा जड वाटला. "चिपळ्या आहेत बरोबर, हा टाळ समजू."

पाण्याचं आयपी६४ म्हणजे धूळ आणि शिंतोडे, बुडवणं नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. नीरा स्नानाच्या दिवशी फोन ट्रकमध्ये राहणार असं ठरलंय.

घरी आल्यावर केलेली कामं: फाइव्हजी बंद, दुसरं सिम काढलं, व्हॉट्सॲपचं आपोआप उतरणं बंद. बायकोला वाटत होतं की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवावं, म्हणजे पालखी कुठं ते कळेल. ते जास्तीत जास्त आठ तासांचंच असतं, रोज आबांनी चालू करायचं, वर जीपीएस खाणार ते वेगळंच. त्यापेक्षा ठरवलं, मुक्कामाला पोचले की एक फोन.

---

डोंगरातली_ताई

चार्जरवर आणि केबलवर चिकटपट्टी लावून नाव लिहा, दिंडीचा नंबरही. शाळेच्या टेबलावर शंभर चार्जर सारखेच दिसतात. आमच्या प्रशिक्षणात माझा असाच बदलला.

---

मधलीसुट्टी

आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घरी वहीत लिहून ठेवा. गर्दीत फोन गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करताना तोच लागतो.

---

कुर्डुवाडीकर | २२ जून

आज पुणे ते सासवड, दिवे घाटाचा टप्पा, वारीतली सगळ्यात लांब चाल. पहाटे साडेचारला निघाले, रात्री पावणेनऊला फोन. मी पहिला प्रश्न विचारला, "आबा, बॅटरी किती?" पलीकडून, "अरे, पाय किती दुखतात ते तरी विचार." एक्केचाळीस टक्के होती. पायांचं त्यांनी सांगितलं नाही.

---

हडपसर_ते_हिंजवडी

आज आमच्याकडे ऑर्डरच नाहीत, सगळे रस्ते बंद. मी पण टाळ ऐकत हडपसरला उभा होतो. आबा दिसले असतील, ओळखणार कसे.

---

कुर्डुवाडीकर | २९ जून

गणित बिघडलंय. काल फलटणच्या मुक्कामी रात्री बॅटरी नऊ टक्के! आधीचे पाच दिवस चाळीसच्या खाली आली नव्हती. फोनमध्ये काही खराबी असेल का? वापर तोच म्हणतात.

---

रिपेरिंगवाला_इचलकरंजी

आबांना सांग सेटिंगमधी बॅटरीत जाऊन फोटो काढून पाठवायला. कोण खातंय ते दिसंल.

---

कुर्डुवाडीकर | ३० जून

फोटो आला. दिंडीतल्या एका पोराने काढून पाठवला. सगळ्यात वर "फोन", चार तास अठरा मिनिटं. एका दिवसात. आबा महिन्यात एवढं बोलत नाहीत.

उलगडा आज सकाळी झाला. अनोळखी नंबरवरून मला फोन: "दादा, मी धाराशिवहून बोलतोय, काल आईनं ज्यांच्या फोनवरनं फोन केला होता, ते तुमचे वडील का? जरा आईला निरोप द्याल का?" आबांच्या फोनमध्ये माझा नंबर "मुलगा" म्हणून आहे, त्यांचा लागला नाही की कुणीतरी तो देतं. दुपारपर्यंत असे तीन आले. एक बाई तर थेट म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगा, म्हैस व्याली, रेडी झाली."

म्हणजे दिंडीत रात्री ज्याचा फोन जिवंत, तो सगळ्यांचा. आबांना विचारलं तर म्हणाले, "दीडशे माणसांत माझाच चालू होता, नाही कसं म्हणू?" वर विचारतात, त्या बाईंचा निरोप पोचवला, रेडीचं नाव काय ठेवलं ते कळलं का.

---

चहाटपरी

या धाग्याला आयफोन लागलाच नाही. मी हरलो.

---

जुनंतेसोनं

पूर्वी गावात एकाच घरी फोन असायचा आणि ते घरवाले सगळ्यांना हाका मारायला धावायचे. आबांनी पीसीओ काढलाय. नोकियाबद्दल माझं मत कायम आहे.

---

कुर्डुवाडीकर | ९ जुलै

आबा काल परत आले. रंगाने दोन छटा काळे, वजनाने चार किलो कमी. फोनला एक चरा, तो वेळापूरला पडला म्हणे. अठरा दिवसांत एकदाही पूर्ण बंद झाला नाही. चार्जरवरची चिकटपट्टी तशीच आहे, पण केबल दुसऱ्याच कुणाची, त्यामुळे शेवटचे चार दिवस चार्जिंग हळू होत होतं ते कोडं आज सुटलं. ताई, केबलवर नाव लिहायचं मी विसरलो होतो.

आता नवीन प्रश्न. दिंडीच्या विणेकरी बुवांचा मला फोन आला होता. पुढच्या वर्षी ट्रकमध्ये नीट चार्जिंगची सोय करायची म्हणतायत, सगळ्यांसाठी. रात्री इंजिन बंद असतं, ट्रकची बॅटरी उतरली तर सकाळी ढकलायला दीडशे माणसं आहेत, पण ती वेळ नको. वेगळी इन्व्हर्टरची बॅटरी टाकावी का? साधारण चाळीस फोन रात्रीतून निम्मे भरले पाहिजेत. कुणी केलंय का असं?

---

श्टुटगार्टकर

चाळीस फोन, प्रत्येकी दहा वॉट-तास, म्हणजे ४००. गळती धरून ६०० पकडा. १५० एएचच्या १२ व्होल्टच्या इन्व्हर्टर बॅटरीत १८०० असतात, निम्म्याच्या खाली उतरवली नाही तरी पुरून उरतं. दिवसा ट्रक चालताना भरेल का, ते बघावं लागेल. ट्रक हळू चालतो आणि जास्त वेळ उभाच असतो.

---

रिपेरिंगवाला_इचलकरंजी

टपावर सोलर पॅनल टाका की. पण आषाढात ऊन कुठलं, म्हणून दोन्ही ठेवा. बोर्ड मी करून देतो, चाळीस पिनांचा, प्रत्येकाला नंबर आणि वेगळा फ्यूज. पैसे सामानाचे तेवढे द्या. आणि केबल बोर्डालाच स्क्रूनं बांधूया, कोण न्हेणार न्हाई.